कंपोस्ट बिघडतं कुठे? घरी खत करताना या चुका टाळा

घरच्या कंपोस्टबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "कल्चर, म्हणजे जिवाणूंची विकतची पूड, कोणतं घालू?" ज्या ड्रमसाठी तो विचारलेला असतो त्याचं झाकण उघडलं की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. तळाला पाणी साचलेलं, वर कलिंगडाच्या सालींचा थर, आणि सुका पाला नावापुरता. त्यात कितीही महागडी पूड टाकली तरी फरक पडत नाही, कारण जिवाणू आत आधीच भरपूर असतात. त्यांना मिळत नाही ती हवा. खाली दिलेल्या निम्म्याहून जास्त चुका फिरून फिरून याच ठिकाणी येतात: पाणी जास्त झालं आणि हवा कमी पडली.

सुका पाला हातचा राखून घालणं

भाज्यांच्या देठा-सालींमध्ये ८० ते ९० टक्के पाणीच असतं. कुजायला लागलं की ते सुटतं, मधल्या फटी भरून टाकतं, आणि दोन दिवसांत ड्रममध्ये रबडी तयार होते. म्हणून मोजायचं ते वजनावर नाही, भांड्यावर. एक भांडं ओला कचरा असेल तर किमान एक भांडं सुका पाला, आणि पावसाळ्यात दोन. कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण ३० ला १ च्या आसपास असावं असं पुस्तकात लिहिलेलं असतं, ते या भांड्याच्या हिशेबाने आपोआप जवळपास जमतं. कॅल्क्युलेटर काढायची गरज नाही.

ओलावा बघायचा तो मुठीने. मधलं मिश्रण मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर उत्तम. धार लागली तर पाला घाला. मूठ उघडल्यावर गोळा लगेच भुसभुशीत होऊन सुटला आणि हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडा. कोरड्या ड्रमची ओळख म्हणजे मुंग्या. मुंग्यांची रांग लागली की खडू मारत बसू नका, तांब्याभर पाणी घाला.

पाला आणायचा कुठून, हा शहरातला खरा प्रश्न. फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत पिंपळ, बदाम, कडुनिंब, पर्जन्यवृक्ष सगळेच पानं गाळतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात सकाळी धूर निघत असतो. झाडणाऱ्या मावशींना किंवा वॉचमनकाकांना आधीच सांगून ठेवा, "पाला पेटवू नका, पोत्यात भरून द्या, मी नेतो." चार-पाच पोती कोरडी ठेवली की पावसाळ्याची बेगमी होते. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं आणि कडुनिंबाची पानं लवकर कुजतात. आंबा, फणस, रबर यांची पानं चिवट असतात, ती पोत्यातच पायाखाली तुडवून चुरून घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी चाळताना ती जशीच्या तशी हाती लागतात.

कोकोपीट पाणी छान शोषतं, पण स्वतः फार सावकाश कुजतं. नुसत्या कोकोपीटवर चालवलेल्या ड्रममधून शेवटी काळसर कोकोपीटच बाहेर येतं आणि आपण त्याला खत म्हणतो. सुताराकडचा भुसा चालतो, पण साध्या लाकडाचा. प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो. वर्तमानपत्राचे तुकडे अडीनडीला ठीक आहेत, मात्र ओले झाले की एकमेकांना चिकटून त्यांचा पुठ्ठा होतो.

सगळ्या वासांवर एकच उपाय करणं

वास दोन प्रकारचे असतात आणि त्यांची कारणं वेगळी. नाकात झिणझिणणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास अमोनियाचा. म्हणजे नत्र जास्त झालं: ताजं शेण, कोवळं गवत, कडधान्यांची उसळ, कॉफीचा चोथा यांचा मारा झालेला असतो. पाला वाढवा, बस. दुसरा वास सडक्या अंड्याचा किंवा तुंबलेल्या गटाराचा. तो हवा बंद झाल्याची खूण. इथे नुसता वर पाला टाकून भागत नाही, कारण घाण तळाशी असते. सगळं घमेल्यात किंवा जुन्या चादरीवर ओता, पाला मिसळा, तळाची भोकं मोकळी करा, खाली चुरलेल्या काटक्यांचा चार बोटं थर द्या आणि परत भरा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते संध्याकाळी करू नये. शेजारी जेवायला बसलेले असतात.

या वासावर चुना मारायची सवय बऱ्याच जणांना असते. चुन्याने वास थोडा वेळ दबतो, पण मिश्रण अल्कधर्मी होऊन नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जातं. ज्या नत्रासाठी एवढा खटाटोप, तेच घालवून बसायचं.

मिक्सरमधून काढलेला कचरा हाही वासाचा मोठा धनी. बारीक केलं की लवकर कुजतं, हे खरं. पण लगदा झाला की त्यात हवेला जागा उरत नाही. विळीवर किंवा सुरीने इंच-दीड इंचाचे तुकडे पुरेत.

अळ्या दिसल्या की ड्रम फेकून देणं

कंपोस्ट सोडून देण्याचं पहिल्या नंबरचं कारण म्हणजे अळ्या. त्यांच्यातला फरक ओळखता आला तर अर्धी भीती जाते.

चपट्या, राखाडी-तपकिरी, कडक कातडीच्या, पाय नसलेल्या आणि एका ठिकाणी शेकड्याने वळवळणाऱ्या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. दिसायला किळसवाण्या, पण कामाला जबर. रात्री टाकलेली केळ्याची सालं सकाळपर्यंत अर्धी होतात. प्रौढ माशी गांधीलमाशीसारखी काळी लांबुडकी असते, पण डंख करत नाही आणि घरात अन्नावरही घोंघावत नाही. कटकट एकच: कोषात जायच्या वेळी या अळ्या कोरडी जागा शोधत ड्रमबाहेर पडतात आणि बाल्कनीभर फिरतात. झाकण नीट बसवा, हवेच्या भोकांना बारीक जाळी लावा. त्या नकोच असतील तर ओला कचरा उघडा ठेवू नका आणि पाला वाढवा. ड्रम कोरडसर झाला की त्या आपोआप कमी होतात.

पांढरट, एका टोकाला निमुळत्या अळ्या साध्या घरमाशीच्या. खरकटं उघडं राहिलं, एवढाच त्याचा अर्थ. केळी-आंब्याच्या दिवसांत उठणारी चिलटंही त्याच कारणाने येतात. रोजच्या कचऱ्यावर दोन बोटं पाल्याचा थर घातला की दोन्हींचा बंदोबस्त होतो.

खरी काळजी करायची ती हुमणीची. पांढरी, जाडजूड, धनुष्यासारखी वळून पडलेली, तपकिरी डोक्याची, पुढे सहा पाय. ही बहुधा विकत आणलेल्या अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते आणि कुंडीत गेली की मुळं खाते. झाड पाणी घालूनही मान टाकतं आणि कारण कळत नाही. कोकणात आणि गोव्यात खताच्या खड्ड्यात अशाच दिसणाऱ्या, पण अंगठ्याएवढ्या अळ्या सापडतात. त्या गेंड्या भुंग्याच्या. त्या खतातच वाढतात, आणि भुंगा झाला की तो नारळाच्या कोंबात शिरतो. आवारात माड असेल तर खड्डा उपसताना या अळ्या वेचून मारायलाच हव्यात. तिथे भूतदया नको.

पांढरी बुरशी, गोम, पैसा किडा, लहान किडे हे सगळे कामकरी आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

कल्चरवर भरवसा

विकतचं कल्चर वाईट नसतं, अनावश्यक असतं. नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नाडेपकाका, यांनी शेतकऱ्यांसाठी जी टाकी बसवली, तिचा हिशेब बघण्यासारखा आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. आत सुमारे दीड हजार किलो काडीकचरा, त्याहून थोडी जास्त कोरडी चाळलेली माती, आणि शेण अवघं ९० ते १०० किलो. विटांच्या भिंतींना मुद्दाम भोकं ठेवलेली. खालीवर न करता तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. विरजण इवलंसं, हवेची सोय मोठी. त्याच्या आधी, १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला जी पद्धत नीट बसवली, तिचाही सगळा भर ओलावा आणि हवा यांवरच होता.

घरच्या ड्रमला ओंजळभर जुनं कंपोस्ट किंवा शेणाचा पातळ काला पुरतो. शेण मिळत नसेल तर आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडा. तेही नसेल तर झाडाखालची मूठभर माती घ्या.

काय घालू नये

शिजवलेलं अन्न थोडं असेल तर चालतं, पण तेल पाल्यावर साय धरतं आणि मीठ कुठे जात नाही. ते खतात साठत जातं. लोणचं, फोडणीचा भात, पापड बाहेरच ठेवा. दुधा-साखरेच्या चहाचा चोथा धुऊन घाला. कोयी, करवंट्या आणि शेंड्या वर्षानुवर्षं कुजत नाहीत. अंड्याची टरफलं मिक्सरमधून कोरडी काढलीत तरच उपयोग. लिंबा-संत्र्याच्या साली साध्या कंपोस्टला बाधत नाहीत, गांडुळांना मात्र सोसत नाहीत. मासळीचं डोकं, कोलंबीची सालं बाल्कनीत नकोत. परसात असाल तर हातभर खोल पुरा, नाहीतर रात्री मांजरं उकरतात. निर्माल्य चांगलं, पण दोरा, तार आणि प्लास्टिकची फुलं वेचून मग. गणपतीच्या दिवसांत हारातली चमकीही पाहावी लागते. गाजरगवत फुलोऱ्याआधीच घाला. घरच्या ड्रममध्ये इतकी उष्णता होत नाही की बी मरेल. म्हणूनच कंपोस्ट घातलेल्या कुंडीत टोमॅटो आणि भोपळा आपोआप उगवतात.

एकाच ड्रममध्ये घालत राहणं, आणि अर्धकच्चं खत वापरणं

आकारमान एक-तृतीयांशापर्यंत उतरतं, त्यामुळे ड्रम कधी भरतच नाही. लोक वरून घालत राहतात आणि "सहा महिने झाले, खत होत नाही" म्हणतात. होणार कसं, रोज नवीन पडतंय. दोन ड्रम हवेत. एक भरला की त्यात घालणं बंद, आठवड्याला हलवणं चालू, आणि दोन-तीन महिने त्यातलं खत काढायला जायचं नाही.

तयार खताला पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीचा वास येतो आणि मूळ वस्तू ओळखू येत नाही. खात्री हवी तर हळीव घ्या, लाडवाचेच. एका वाटीत ओलसर कंपोस्ट, दुसरीत साधी ओली माती, दोन्हींवर चिमूटभर हळीव पसरा. मातीतले दोन-तीन दिवसांत उगवतात. कंपोस्टमधले त्याच वेगाने, हिरवेगार आणि सरळ आले तर खत झालं. कमी उगवले, पिवळे पडले किंवा मुळांची टोकं तपकिरी झाली तर अजून तीन आठवडे झाकून ठेवा. कच्चं खत कुंडीत घातलं की जिवाणू ते कुजवण्यासाठी मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळं पडतं.

चाळलेलं खत कडक उन्हात वाळवू नका. वाळून त्याची पूड झाली की ती पाणी धरत नाही, वरच्या वर तरंगते. सावलीत, गोणपाटाच्या पोत्यात, किंचित ओलं ठेवा.

नुसत्या कंपोस्टमध्ये रोप लावणं

कंपोस्ट हे खत आहे, माती नव्हे. पूर्ण कुंडी त्याने भरली तर दोन महिन्यांत ती चार बोटं खाली बसते आणि पाणी धरून मुळं कुजवते. माती दोन भाग, कंपोस्ट एक भाग, कोकोपीट किंवा भाताचं तूस एक भाग, हे साधारण मिश्रण. जुन्या १२ इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी, खोडापासून दोन बोटं लांब, वरच्या मातीत हलकेच मिसळून. त्यात नत्र दीड टक्क्याच्या आतबाहेरच असतं, म्हणून टोमॅटो-वांग्यासारख्या खादाड पिकांना निंबोळी किंवा शेंगदाण्याच्या पेंडीची जोड लागते.

राखेचा सल्ला सगळीकडे सरसकट दिला जातो आणि तिथे जरा गडबड आहे. कोकणातली जांभी माती आम्ल, तिला मूठभर राख मानवते. देशावरची काळी माती आधीच चुनखडीची आणि अल्कधर्मी. त्यावर कंपोस्टमधून राख, शिवाय बोअरचं जड पाणी असं झालं की गुलाबाची आणि मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असतं, पण झाडाला घेता येत नाही. अशा कुंडीत आणखी खत घालू नका, राख थांबवा.

राहता राहिलं ड्रमखाली गळणारं काळं पाणी. ते म्हणजे व्हर्मिवॉश, म्हणजे गांडूळखतातून झिरपणारं पोषक पाणी, नव्हे. बऱ्याचदा हवेविना सडलेलं, आंबट आणि खारट असतं. पालक-कोथिंबिरीवर फवारू नका. दहापट पाण्यात मिसळून शोभेच्या झाडांच्या बुंध्याशी ओता. आणि रोज वाटीभर गळत असेल तर वर सांगितलेली मुठीची परीक्षा आजच घ्या.