कुब्रिकच्या खोक्यांत शिरण्यापूर्वी

चित्रपट दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांच्या कागदपत्रांचा संग्रह २००७ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्समध्ये आहे. तेथे वेळ कशी घ्यावी आणि शाईचे पेन का नेऊ नये, हे नवख्याला कोणीही सांगेल. मला सांगायचे आहे ते त्यापुढचे.

या संग्रहाची विपुलता हाच त्यातला मोठा सापळा आहे, आणि त्यातून बाहेर पडायला मला फार झगडावे लागले. खोक्यांमागून खोकी समोर आली की सारा इतिहास येथेच आहे असे वाटू लागते. परंतु हे एका माणसाने आपल्यापाशी राखलेले कागद आहेत. सुरुवातीच्या चित्रपटांविषयी तेथे तुलनेने थोडेच सापडते. १९६० चा ‘स्पार्टाकस’ घ्या: त्याचे नायक कर्क डग्लस यांच्याच कंपनीने तो काढला होता, त्यामुळे त्याचा माग घ्यायचा तर अमेरिकेत विस्कॉन्सिनला, डग्लस यांच्या कागदपत्रांकडे जावे लागते. लंडनमध्येच थांबणाऱ्याच्या प्रबंधात सर्व सूत्रे हाती ठेवणारा उत्तरकालीन कुब्रिक ठसठशीत उमटतो, निर्मात्याच्या हाताखाली काम करणारा तरुण दिग्दर्शक पुसट होतो, आणि साठवणुकीतला फरक स्वभावातला म्हणून मांडला जातो.

कधीच चित्रित न झालेल्या ‘नेपोलियन’ची कार्डेही अशीच फसवतात. नेपोलियन आणि त्याच्या भोवतालची माणसे कोणत्या दिवशी कोठे होती, हे त्यांवर तारीखवार नोंदलेले आहे. पाहणारा कुब्रिक यांच्या चिकाटीने थक्क होतो. ती माहिती गोळा केली मात्र इतिहासकार फेलिक्स मार्कम यांच्या ऑक्सफर्डमधील विद्यार्थ्यांनी. संग्रह दिग्दर्शकाच्या नावाने लागला की इतरांचे श्रमही त्याच्याच खात्यावर जमा होतात. म्हणून प्रत्येक कागद कोणी, कोणासाठी लिहिला आणि समासातले अक्षर कोणाचे, याचे टिपण जागीच करा. सगळे मोबाइलवर टिपून घरी वाचण्याचा मार्ग मला मुळीच पसंत नाही. मजकूर हाती येतो, पण ते पान कोणत्या फोल्डरमध्ये, कशाच्या पाठीमागे होते, हे सुटते.

चित्रपटाची उत्तम जाण असलेला, पण स्वतः कधी अभिलेखागारात न बसलेला मार्गदर्शक या कामी अपुरा पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. अडल्यास आधी तेथील अभिलेखपालांना विचारा. सुरुवातीला काहीच हाती लागत नाही म्हणून खचू नका, ते सर्वांचेच होते. ‘कुब्रिक यांची शैली’ असा विषय घेऊन मात्र जाऊ नका. एका चित्रपटाचे एकच अंग निवडा, वेशभूषा किंवा चित्रीकरणस्थळांचा शोध, आणि त्यावर काम केलेल्या इतरांचे कागद कोठे आहेत, हे निघण्यापूर्वीच शोधून ठेवा.