घाबरट, अंगावर येणारा रेस्क्यू कुत्रा फॉस्टर करताय? मग आधी त्याच्यापासून लांब राहा

फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, आणलेला कुत्रा कोपऱ्यात दबून बसलाय, जवळ गेलं की गुरगुरतोय आणि आपल्याला वाटतं जरा कुरवाळलं की येईल ताळ्यावर, तर ते आधी डोक्यातून काढा. त्याला सध्या लाड नकोयत, अंतर हवंय.

तो यायच्या आधीच एक शांत खोली किंवा कोपरा ठरवा, सतत ये-जा नसलेला. क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) असेल तर वरून चादर टाका, दार मात्र उघडं. "बघू बघू कसाय" म्हणणारे सगळे नंतर. पहिले एक-दोन दिवस नीट खाल्लं नाही तर बऱ्याचदा टेन्शनच असतं, पण पाणीही पीत नसेल तर लगेच व्हेट, म्हणजे प्राण्यांचा डॉक्टर. तशी एकदा तपासणी हवीच, कान किंवा कंबर दुखत असली तरी कुत्रा अंगावर येतो आणि तिथे ट्रेनिंगचा काही उपयोग नाही.

पळून जायची भीती सुरुवातीला खूप असते, म्हणून हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळ्यातली कॉलर दोन्ही, दोघांना वेगवेगळी दोरी लावून.

आता मैत्री. जमिनीवर बसा, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून, डोळ्यात बघू नका, वरून वाकू नका. खाऊ त्याच्या *मागे* फेका. बरेच लोक हातात खाऊ धरून जवळ बोलावतात, तो भुकेपोटी येतोही, पण खाऊ संपला की त्याला एकदम कळतं आपण माणसाच्या किती जवळ आलोय आणि तिथेच चावायची वेळ येते. मागे फेकलं की त्याला खाऊ पण मिळतो, लांब पण जाता येतं, आणि परत आला तर तो स्वतःच्या मर्जीने आलेला असतो.

हात लावायचा तर छातीला किंवा हनुवटीखाली, ३ सेकंद, मग थांबा. तो सरकून जवळ आला तर पुढे. ओठ चाटणं, उगाच जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, एकदम ताठ होणं म्हणजे नको. आणि गुरगुरला तर ओरडू नका हो, तो सांगतोय तेवढं बरंय, ते बंद केलंत तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

बाहेर दुसरे कुत्रे बघून भुंकत असेल तर इतक्या लांब थांबा की त्याला ते दिसतील पण तो खाऊ खाईल. कुत्रा दिसला की लगेच चिकन, दिसेनासा झाला की चिकन बंद, क्रम हाच. खाऊ घेतच नाही म्हणजे जवळ आलात, मागे फिरा. एखाद्या दिवशी दोन-तीन वेळा दचकला तर दुसऱ्या दिवशी फिरणं सोडा सरळ, घरीच खाऊ लपवून शोधायला लावा, कारण ताण साचत जातो आणि उतरायला वेळ लागतो.

नव्या घरात रुळायला ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने असा एक हिशोब सांगतात, तो ढोबळच, काहींना त्याहून जास्त लागतं. जाळीच्या मझलची (चावू नये म्हणून तोंडाला बांधतात ती) सवय आधीच खाऊ देऊन लावा. तरीही चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर, रेबीजचा विषय आहे.

अडॉप्ट करायला कुणी आलं की तो कशाकशाला घाबरतो ते लिहूनच द्या, "अगदी गोड आहे" म्हणून खपवू नका.