जुन्या बुलेटला बारके एलईडी टेललाईट बसवायचेत? आधी मागे करंट कुठला येतो ते बघा

जुन्या कास्ट आयर्न (बिडाच्या इंजिनवाल्या) बुलेटची बॉबर, म्हणजे मडगार्ड कापून सुटसुटीत केलेली गाडी, करायला घेतली आणि मागचं मडगार्ड कापलं की तो मोठा ओरिजिनल टेललाईट तिथे शोभतच नाही, मग बाजारात मिळणारे ते बोटाच्या पेराएवढे एलईडी डोळ्यात भरतात. दोन बाजूला दोन लावले की गाडी भारी दिसते, त्यात वादच नाही. पण लूकच्या नादात एक गोष्ट राहून जाते, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही ब्रेक मारलाय हे कळलं पाहिजे. ओरिजिनल बल्ब २१/५ वॅटचा असतो, म्हणजे साधा पेटला की ५ वॅट आणि ब्रेक मारला की २१, हा फरक लांबूनही कळतो. बारक्या एलईडीत जागाच एवढीशी असते की टेल आणि ब्रेक यांच्यात फरक ठेवला नाही तर दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून घेतानाच दुकानात १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून दाखवायला सांगा, आणि शक्यतो दुकानाच्या बाहेर उन्हात येऊन बघा, आत अंधारात सगळेच एलईडी झकास दिसतात. पुण्यात असाल तर नाना पेठेत गाडीचं सामान आणि तपकीर गल्लीत वायर, डायोड, रेझिस्टर असलं सगळं एका फेरीत होऊन जातं, मुंबईवाल्यांना लॅमिंग्टन रोड आहेच.

आता मेन गोष्ट. एलईडी म्हणजे बल्ब नव्हे, बल्बला सरळ उलटं काही कळत नाही, कसाही जोडा पेटतो. एलईडीला प्लस मायनस लागतं, डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा करंट) लागतो आणि व्होल्टेज बऱ्यापैकी स्थिर लागतं. त्यामुळे लाईट विकत घ्यायच्या आधी मल्टीमीटर घेऊन मागच्या वायरींवर काय येतंय ते मोजा.

बुलेटला १२ व्होल्टची बॅटरी असेल आणि टेललाईट बॅटरीवर असेल तर काम सोपं. गाडी चालू करून रेस देऊन बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावा, साधारण १४ ते साडेचौदाच्या आत थांबलं पाहिजे. पंधराच्या वर पळत असेल तर तुमचा रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा डबा, गेलाय, आधी तो बदला, नाहीतर नवीन एलईडी आठवड्याभरात एकेक करून डोळे मिटतील आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या घालत बसाल.

जावा किंवा येझदी असेल तर त्या बहुतेक ६ व्होल्टच्या, आणि तिथे १२ व्होल्टचा एलईडी लावला की एकतर पेटत नाही नाहीतर मेणबत्तीसारखा मिणमिणतो. कारण साधं आहे, लाल एलईडीचा एक दाणा साधारण २ व्होल्ट खातो, आणि १२ व्होल्टच्या लाईटमध्ये असे तीन तरी दाणे एकामागे एक जोडलेले असतात, म्हणजे ६ व्होल्ट तिथेच संपले, पुढच्या रेझिस्टरला उरलं काय. त्यात गाडी आयडलिंगला असताना डायनॅमो धड चार्जही करत नाही. यावर उपाय दोन, ६ व्होल्टवर चालणारा एलईडी शोधून घ्या नाहीतर पूर्ण गाडी १२ व्होल्टवर न्या. मधे तो व्होल्टेज वाढवणारा छोटा बूस्ट कन्व्हर्टर टाकायचा जुगाड पण लोक करतात, चालतो, पण पावसात त्याला कोरडं ठेवणं हे वेगळंच काम होऊन बसतं, मला नाही आवडत.

आरएक्स १०० वाल्यांनी इथे नीट लक्ष द्या. तुमच्या गाडीत ब्रेकलाईट, इंडिकेटर आणि हॉर्न बॅटरीवर आहेत पण हेडलाईट आणि टेललाईट थेट मॅग्नेटोच्या (इंजिनसोबत फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) एसीवर, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या करंटवर चालतात, म्हणून तर इंजिन बंद केलं की हेडलाईट जातो. त्या एसी वायरवर एलईडी लावला की तो फडफडतो, आयडलिंगला तर डिस्को, आणि उलट्या बाजूच्या करंटने हळूहळू मरतो. त्यामुळे टेलची जुनी वायर तिथेच टेप करून बंद करा आणि चावी ऑन केल्यावर जी डीसी लाईन जिवंत होते तिथून टेलला नवीन वायर घ्या. बॅटरी बारकी आहे पण काळजी नको, एलईडी खातोच किती, सगळे मिळून पाव अँपियरच्या आसपास. हां, चावी ऑन ठेवून टपरीवर तासभर गप्पा मारू नका एवढंच.

आणि कुणाकडे जुनी बीएसए, ट्रायम्फ किंवा नॉर्टन असेल तर त्यात बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचा प्लस चॅसीला. बारक्या एलईडीची बॉडी धातूची असते आणि काहींमध्ये आतला मायनस बॉडीलाच जोडलेला असतो, असा लाईट चॅसीवर घट्ट बसवून मायनस वायर जोडली की सरळ शॉर्ट. तिथे अर्थसाठी वेगळी वायर असलेला लाईट घ्या, आणि लाईटची बॉडी आणि मायनस वायर यांच्यात मीटरने बीप येतोय का ते तपासूनच घ्या.

लाईट घेताना तीन इन वन टाईपचे घेतले तर टेल, ब्रेक आणि इंडिकेटर एकाच बारक्या डब्यात मिळतात. दिसायला सगळ्यात साफ काम होतं पण माझं वैयक्तिक मत थोडं वेगळं आहे, ब्रेक आणि इंडिकेटर एवढ्या जवळ आले की दुपारच्या उन्हात मागच्याला गोंधळ होतो. इंडिकेटर वेगळे ठेवले आणि दोन बारक्या लाईटमध्ये फक्त टेल अधिक ब्रेक ठेवलं तर काम पण सोपं आणि धोका पण कमी.

वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. काळी अर्थ असेलच, लाल ब्रेकच असेल, असं काही नाही, प्रत्येक कंपनीचं आपलं आपलं चालतं. टेबलावर बॅटरी ठेवून एकेक वायर लावून बघा आणि कागदी टेपचा तुकडा चिकटवून टेल, ब्रेक, अर्थ असं लिहून ठेवा. गाडीच्या बाजूने पण तेच, टेस्ट लॅम्प घेऊन लाईटचा स्विच ऑन करून टेलची वायर शोधा, मग पेडल दाबून ब्रेकची. तीस वर्षं जुन्या बुलेटच्या वायरिंगमध्ये किती मेकॅनिकांनी हात घातलेत ते देवालाच माहीत, वरून हिरवी दिसणारी वायर मधेच टेपच्या आत लाल होऊन बाहेर येते.

बसवताना भोक कुठे पाडायचं ते आधी ठरवा, ड्रिल नंतर. मडगार्डवर बसवणार असाल तर दोन जाड मित्रांना गाडीवर बसवून सस्पेन्शन पूर्ण दाबून बघा, आतून बोल्टचं टोक किंवा वायर टायरला लागत नाही ना. हे चेक न केलं तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात टायर वायर सोलून काढतो. बहुतेक बारक्या लाईटना आतून पोकळ असलेला ८ एमएमचा बोल्ट असतो आणि वायर त्यातूनच बाहेर येते, त्याला साडेआठचं भोक पुरतं. आधी पंच मारा, ३ एमएमचं पायलट भोक पाडा, मग मोठं करा, थेट मोठं ड्रिल लावलं की गोल मडगार्डवर ते सटकतं आणि पेंटवर लांबलचक ओरखडा. भोकाची धार कानशीने मारा, उघड्या पत्र्याला प्रायमरचा हात द्या नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच तिथून गंज धरायला सुरुवात होते. दोन्ही बाजूला रबर वायसर आणि नायलॉनवाला लॉकनट, बुलेटचं व्हायब्रेशन साधा नट टिकूच देत नाही. नट जीव खाऊन पिळू नका, पोकळ बोल्ट आहे तो, तुटतो.

अर्थिंगचं सांगायचं तर, आजारी एलईडी म्हणून जे आणतात त्यातले बरेचसे खरं तर अर्थचे आजारी असतात. मडगार्डला पावडर कोटिंग केलंय, त्यावर रबर वायसर लावलाय, मग बोल्टमधून अर्थ मिळणार कुठून. दोन्ही लाईटच्या अर्थ वायरी एकत्र करून एक वेगळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला किंवा चॅसीवर पेंट खरवडून काढलेल्या पॉइंटला न्या, कटकटच मिटली.

वायर अर्धा स्क्वेअर एमएमची पण करंटला भरपूर होते, मी पाऊण घ्यायला सांगतो कारण ती ओढाताण सहन करते. एलईडीच्या स्वतःच्या वायरी मात्र केसासारख्या बारीक असतात आणि इथे एक गोष्ट फार कमी लोक करतात. गाडीचा मेन फ्यूज १५ अँपियरचा असेल तर मागे शॉर्ट झाल्यावर तो फ्यूज उडायच्या आधी ही बारीक वायर जळते, तीही सीटखाली. म्हणून टेलच्या आणि ब्रेकच्या फीडला प्रत्येकी २ किंवा ३ अँपियरचा छोटा फ्यूज होल्डरसकट लावून टाका, फार खर्च नाही.

जोडणी करताना सोल्डर (डाग देणं) की क्रिंप (पकडीने दाबून बसवलेला जोड) यावर लोक भांडतात. माझ्या मते मोटारसायकलवर क्रिंप बरा, कारण सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि व्हायब्रेशनने बरोब्बर त्याच जागी तुटते. बुलेट कनेक्टर (गोळीच्या आकाराचे जोड) लावा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), आणि वायर फ्रेमच्या कडेने झिप टायने बांधा. नुसती काळी टेप गुंडाळून सोडलेली जोडणी उन्हाळ्यात सुटून चिकट होते. वायर लाईटमध्ये शिरण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवा, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत आत न जाता तिथूनच टपकतं. कोकणातल्या पावसात गाडी चालवणाऱ्यांनी तर हे कराच.

आता डावीकडचा टेल उजवीकडच्या टेलला, ब्रेक ब्रेकला जोडला की दोन्ही एकत्र पेटतील. इंडिकेटर पण एलईडी केले असतील तर जुन्या फ्लॅशरवर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीवर, इंडिकेटर नुसता पेटून राहतो नाहीतर वेड्यासारखा फास्ट उडतो, कारण त्याला बल्बचा लोड लागतो. एलईडीवाला फ्लॅशर आणा, लोड रेझिस्टर लावू नका, ते तापतात आणि करंट वाचवायचा तो वायाच जातो. आणि एका बाजूचा इंडिकेटर दिला की चारही लुकलुकत असतील तर घाबरू नका, डॅशवरचा एकच पायलट दिवा डाव्या उजव्या लाईनच्या मधे जोडलेला असतो, त्यातून करंट पलीकडे जातो. पायलटला दोन १एन४००७ डायोड लावून दोन्ही बाजू वेगळ्या करा आणि दिव्याचं दुसरं टोक अर्थ करा, झालं.

ब्रेक स्विच बघायला विसरू नका. ड्रम ब्रेकच्या जुन्या गाड्यांत पुष्कळदा फक्त मागच्या पेडललाच स्विच असतो, पुढचा ब्रेक दाबला तर मागे काहीच पेटत नाही. एवढं सगळं उघडलंच आहे तर पुढच्या लिव्हरला पण स्विच लावून घ्या, मागच्या स्विचला पॅरलल जोडायचा.

मग दुपारी बारा वाजता गाडी उन्हात उभी करा, कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि तीस चाळीस पावलं मागे जाऊन बघा. एलईडीचा प्रकाश बहुतेक समोरच्या अरुंद झोतात जातो, लाईट जरा जरी आभाळाकडे किंवा रस्त्याकडे कललेला असेल तर मागच्याला अर्धाच दिसतो, तेव्हा तो जमिनीला समांतर करून घट्ट करा. ब्रेक मारल्यावर फरक कळत नसेल तर टेलच्या वायरमध्ये अर्ध्या वॅटचा १०० ओहमचा रेझिस्टर टाकून टेल मंद करा, कमी वाटलं तर २२० चा. तरीही कळत नसेल तर सरळ मोठा लाईट घ्या, हट्ट नको.

नंबर प्लेटचं पण आहे. ओरिजिनल टेललाईटला खाली पांढरी काच असते, त्याच बल्बचा उजेड प्लेटवर पडतो. लाल एलईडी लावलात की तो गेला, आणि नियमाने मागची प्लेट पांढऱ्या उजेडात वाचता आली पाहिजे, त्यामुळे टेलच्याच लाईनवर पांढऱ्या एलईडीचा एक बारका दिवा प्लेटच्या वर लावा. मागे लाल रिफ्लेक्टर पण ठेवा, बॅटरी बसली तरी तो चमकतो.

आणि गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल आणि ती व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजला (जुन्या गाड्यांच्या नंबरात व्हीए अक्षरं येतात ती) रजिस्टर करायचा विचार असेल तर मडगार्डला ग्राइंडर लावायच्या आधी थांबा. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. अशा गाडीला कापाकापी न करता ओरिजिनल टेललाईटच्या डब्यातच दोन पिनवाला एलईडी बल्ब बसवा, तो पण पांढरा, म्हणजे प्लेटवर उजेड राहील. लाल काचेमागे पांढरा एलईडी थोडा गुलाबी दिसतो, त्यातल्या त्यात वॉर्म व्हाइट घेतला तर बराच खपून जातो.

बाकी पहिल्या शंभर एक किलोमीटरनंतर सगळे नट एकदा पाना लावून बघा आणि वायर कुठे घासत नाही ना ते हात फिरवून तपासा.