फील्ड प्रोजेक्टला निघालाय? आधी या चुका टाळा

नवं शैक्षणिक धोरण २०२० साली आलं आणि त्यापाठोपाठ फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे वर्गाबाहेर प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकणं, हे शब्द आपल्या कॉलेजच्या वेळापत्रकात येऊन बसले. क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप; एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे चार क्रेडिटच्या ट्रेनिंगला १२० तास. हिशोब तिसरीतल्या पोरालाही जमेल. तरी सांगलीच्या कॉलेजांतले गट मार्केट यार्डात, कुपवाडच्या एमआयडीसीत, तासगावच्या कोल्ड स्टोरेजात जातात आणि दरवर्षी त्याच ठिकाणी ठेचकाळतात. तोंडानं सांगून घसा बसला, म्हणून आता लिहून ठेवतो.

ॲप आधी, दुकान नंतर

माझं सगळ्यात नावडतं प्रकरण हेच. गट तयार होतो, कॅन्टीनमध्ये चहा होतो आणि चहा संपायच्या आत ‘ॲप बनवायचं’ हे ठरतं. कुणासाठी, ते मागाहून बघू. मग कुणाचा तरी मामा यार्डात असतो, त्याच्या ओळखीनं एखादं अडत दुकान, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारं दुकान, पदरात पडतं.

असाच एक गट हळदीच्या अडत दुकानात गेला होता. पोरं हुशार. ॲप देखणं होतं, आवक, शिल्लक, भावाचा आलेख, सगळं त्यात. सादरीकरणाला टाळ्या पडल्या. दुकानात मात्र ते कुणी उघडलंच नाही. लिखापढी सगळी दिवाणजींच्या हातात. सौदे सुरू झाले की ते ढिगापासून ढिगाकडे फिरत चिठ्ठी लिहितात: शेतकऱ्याचं नाव, पोती, भाव, खरेदीदार. एका हातात चिठ्ठ्यांचं पुस्तक, दुसऱ्यात पेन, भोवती हमालांचा आरडाओरडा, अंगावर हळदीची धूळ. अशा माणसानं चष्मा पुसून ओटीपी टाकायचा आणि दर पोत्याची नोंद करायची, ही कल्पना एसी लॅबमध्येच सुचू शकते. दिवाणजी भले माणूस. पोरांना म्हणाले, “चांगलं केलंय बाळांनो, पण मला ते सौद्यात कसं चालवायचं?” उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण सौद्याच्या वेळी एकही पोरगं तिथं उभं राहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याच दुकानात दुसरा गट पाठवला आणि अट घातली: पहिले काही दिवस लॅपटॉप घरी. नुसतं दिवाणजींशेजारी बसायचं, पाणी आणून द्यायचं, बघायचं. त्यातल्या एका मुलीच्या लक्षात आलं की हिशोबपट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशोब, उशिरा होते ती नावांमुळे. एकाच गावचे, एकाच नावा-आडनावाचे दोन-तीन शेतकरी, त्यामुळे वजनाच्या चिठ्ठीवरचा माणूस नेमका कोणता, हे ठरवायला संध्याकाळी फोनाफोनी चालायची. तिनं चिठ्ठीवर मोबाईलच्या शेवटच्या चार आकड्यांचा एक रकाना वाढवायला सांगितलं. खर्च काय, तर छापखान्याचं बिल. तो रकाना अजून चालू आहे. परीक्षकांनी त्या गटाला ‘तंत्रज्ञानाचा वापर कमी’ म्हणून मार्क कापले, तो भाग वेगळा.

तेव्हा माझी पद्धत अशी. प्रोजेक्टचं शीर्षक मी पहिल्या महिन्यात लिहूच देत नाही. फॉर्मवर ती जागा मोकळी ठेवून घेतो. ऑफिसवाले कुरकुरतात, कुरकुरू देत.

त्यांचा हंगाम आणि आपलं सेमिस्टर

याकडे शिक्षकांचंही लक्ष नसतं. आपलं दुसरं सेमिस्टर डिसेंबर-जानेवारीत सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतं. नेमकं तेव्हाच इथं काय चालू असतं? साखर कारखान्यांचा गाळप हंगाम. फेब्रुवारीपासून यार्डात नव्या हळदीची आवक. त्याच सुमारास द्राक्षं उतरतात, शेडवर बेदाणा पडतो. पतसंस्थांना मार्च एंड. म्हणजे ज्या घडीला समोरच्या माणसाला जेवायला सवड नसते, त्या घडीला आपली सहा पोरं प्रश्नावली घेऊन दारात उभी. मालक ‘या, बसा’ म्हणतो, कारण आपल्याकडं दारात आलेल्याला जा म्हणायची पद्धत नाही. पोरांना वाटतं, सहकार्य मिळालं. मग तीन आठवडे ‘सायबांनी वेळ दिला नाही’ असं डायरीत लिहीत राहतात.

बोलणी गणपती झाले की करून घ्या. त्याआधी नको, पावसाळ्यात कृष्णेच्या पाण्यावर सगळ्यांचा डोळा असतो, २०१९ आणि २०२१ चा पूर विसरलेला माणूस सांगलीत सापडायचा नाही. दसरा-दिवाळीच्या आसपास लोक निवांत सांगतात, जुन्या वह्या काढून दाखवतात. हंगामात फक्त बघायला जा आणि जमलं तर हात लावा. पोती मोजायला मदत करणाऱ्या पोराला जी माहिती मिळते ती प्रश्नावलीवाल्याला मिळत नाही. आता कुणी म्हणेल, सेमिस्टर तर जानेवारीत सुरू होतं, तास कसे धरायचे? तास जानेवारीपासूनच धरा. ओळख करून घ्यायला क्रेडिट कशाला लागतं?

गट कसे पाडता?

दोस्तांचे गट पाडू नका. सहांतले दोघं राबतात, एक पीपीटी रंगवतो, उरलेले फोटोत पुढं. मी एसटीच्या रूटवर गट पाडतो: तासगावकडची पोरं तासगावला, मिरजेची मिरजेत, आणि प्रत्येक गटात ज्याच्या घरी तो माल पिकतो असं एखादं पोरगं. ते वर्गात कधी बोलत नाही, पण शेडवर बाकीच्यांचा मास्तर होतं. मार्क सगळ्यांना सारखे देणं हा तर शिक्षकांचा आळस. मध्येच एकदा बोलावून प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामावर प्रश्न विचारतो. कोण जातंय आणि कोण नुसती सही करतंय, ते पाच मिनिटांत कळतं.

बाकीचं पटापट

कॉलेजचं पत्र न घेता जाऊ नका, आणि पत्र दिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही समजू नका.

मालकाशी बोलून दिवाणजीला, सुपरवायझरला, शिपायाला वगळू नका. काम त्यांच्याकडं असतं.

शेतकऱ्यांच्या पासबुकाचे, आधार कार्डाचे फोटो रिपोर्टात चिकटवू नका. यासाठी २०२३ साली कायदा झालाय आणि त्याआधी लाज नावाची गोष्ट होतीच.

भेटीत ठरलेलं त्याच रात्री चार ओळींत लिहून दोन्ही बाजूंना पाठवा. व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्याला होकार धरू नका.

रिपोर्ट एआयकडून लिहून घेतलेला लगेच ओळखू येतो. त्यात हळदीचा वास नसतो आणि ‘भागधारक’ फार असतात.

शेवटी फाईल कुणा एकाच्या जीमेलवर पडून राहते आणि पुढच्या वर्षी पासवर्डसकट पुण्याला जाते. एक छापील प्रत दुकानात ठेवा, ती वापरणाऱ्या माणसाला समोर बसून दाखवा आणि हे सगळं निकालाआधी उरका. निकाल लागल्यावर पोरं फोन उचलत नाहीत.