बुजरा, अधू कुत्रा दत्तक घेताय? या चुका टाळा

पहिल्याच आठवड्यात फोन येतो, "ताई, तो पलंगाखालून बाहेरच येत नाही हो, काय करू?" काही करू नका. पाणी आणि जेवण तिथेच सरकवा, आपल्या कामाला लागा. ओढून काढू नका, आल्या दिवशी आंघोळ घालू नका, बघायला पाहुणे बोलावू नका. गाडीखाली पाय गमावून दवाखान्याच्या पिंजऱ्यात राहिलेला जीव आधी अंग चोरणारच. रेस्क्यूवाले ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस भीती ओसरायला, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. आंधळ्या-बहिऱ्याला याहून जास्त लागू शकतात. एवढी सवड नसेल तर असा कुत्रा नेऊ नका. हे मी तोंडावर सांगते आणि लोकांना राग येतो, येऊ दे.

माझा सगळ्यात जास्त जीव जळतो तो नुसत्या गळपट्ट्यावर बाहेर नेणाऱ्यांवर. भुरी मागचा एक पाय नसलेली, माणसाची सावली पडली तरी दबणारी. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी कुटुंबाने तिला हौसेने नेलं. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, घ्या म्हणून सांगितलं होतं; "तीन पायांची कुठे पळणार?" असं उत्तर मिळालं. उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, संध्याकाळी फटाके वाढायच्या आत एक चक्कर म्हणून तिला खाली नेलं. वरच्या गच्चीवरून पतंग कापल्याची "काइपो छे!" आरोळी आली, थाळ्या वाजल्या. भुरी मागे सरकली, मान खाली घातली आणि पट्टा कानांवरून निघून हातात राहिला. तीन पायांचं कुत्रं काय वेगाने पळतं ते तेव्हा गल्लीने पाहिलं. भर म्हणजे सगळी पोरं "पकडा, पकडा" करत मागे. पाठलाग केला की घाबरलेलं कुत्रं घरच्या माणसालाही ओळखत नाही.

ती सुरसागरच्या बाजूला एका टेम्पोखाली दिसली तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या, वासी उत्तरायणाचे फटाकेही संपत आले होते. पंजा मांज्याने कापलेला. सगळ्यांना घरी पाठवलं. फक्त घरच्या काकू तिचं गोणपाट घेऊन रस्त्यावर खाली बसल्या, तिच्याकडे पाठ करून, हाक न मारता, शेजारी उकडलेलं अंडं. सरपटत गोणपाटावर यायला तिने अर्धी रात्र घेतली.

माझी पद्धत अशी: गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही, दोघांना वेगळ्या दोऱ्या, एक दोरी माझ्या कमरेला. हार्नेसखाली दोन बोटं जावीत, तीन नाही. संक्रांतीत, नवरात्रात आणि दिवाळीत पहाटे लवकर फिरवून आणायचं, रात्री दार-खिडक्या बंद. फटाक्यांच्या भीतीवर औषध हवं तर डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा. शेजाऱ्याने सुचवलेली झोपेची गोळी नको.

दुसरी चूक, कीव करून खाऊ घालणं. "बिचारा" म्हणत रविवारी फाफडा, सेव-उसळीचा रस्सा. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, हे किती वेळा सांगायचं? शिवाय वजन वाढलं की उरलेल्या तीन पायांचे सांधे झिजतात. गुळगुळीत लाद्यांवर त्याचा पाय घसरतो, तिथे खाली रबर असलेल्या चटया टाका, सतरंजी स्वतःच सरकते. नखं आणि पंज्यांमधले केस वेळच्या वेळी कापा.

पॅरासिटॅमॉल, आयबुप्रोफेन, घरातली कुठलीच वेदनाशामक गोळी देऊ नका.

आंधळ्या कुत्र्याच्या घरात सोफा हलवू नका. बहिऱ्याला झोपेत मागून हात लावू नका. जमिनीवर पाय आपटा, त्याला कंप कळतो.

डिस्टेंपर या विषाणूच्या आजारातून वाचलेल्याचे झटके आयुष्यभर राहू शकतात. तेलाच्या मालिशीने ते जात नाहीत, त्यामुळे मालिशवाल्यावर पैसे घालवू नका.

आणि मागचे पाय लुळे असलेला कुत्रा नेणार असाल, तर त्याची लघवी दाबून कशी काढायची हे डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने करून बघा. मूत्राशय तुंबलं की संसर्ग होतो, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा हे काम असतं. घरातल्या निदान दोघांना ते जमलं पाहिजे. जमेपर्यंत मी कुत्रा देत नाही.