वाकड्या माशांवर प्रोजेक्ट करताय? मग आधी सरळ मासे मोजा

झूऑलॉजीत एमएस्सी करताना माझा डिझर्टेशनचा विषय होता कृष्णेतल्या माशांमधली शारीरिक विकृती, म्हणजे वाकडा कणा, आत गेलेला जबडा, कल्ल्यावरचं अर्धवट झाकण, एखादा पर मुळातच नसणं, असलं सगळं. आता ज्युनियर मुली विचारतात की ताई कुठून सुरुवात करू, म्हणून एकदाच नीट लिहिते.

मी सुरुवात केली सांगलीजवळच्या हरिपूरच्या संगमावर, वारणा कृष्णेला मिळते तिथं. पहाटे होड्या लागतात, जाळी झटकतात, आणि तिथल्या एका मामांनी पहिल्याच दिवशी चिलापी हातात दिली, शेपटीच्या अलीकडं पाठ अशी उचललेली की अंगठा बरोबर त्या खळग्यात बसत होता. मामा म्हणाले, "असला कुबडा मासा आमी बाजूला टाकतो पोरी, गिऱ्हाईक घेत न्हाय. तुला पायजे तर ठेवत जातो." मला एवढा आनंद झाला! महिनाभर त्यांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी इमानदारीत वाकडे मासे बाजूला काढून ठेवले, मी अकरा मासे घेऊन गाईडसमोर उभी, आणि मॅडमनी एकच विचारलं, "कितीपैकी अकरा?"

उत्तर नव्हतं. जाळ्यात एकूण किती आले हे मी मोजलंच नव्हतं. तो महिना वाया गेला.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं हेच सांगते, की सरळ मासेसुद्धा मोजा. ठराविक होडी, ठराविक दिवस, जाळ्यात आलेला प्रत्येक मासा, जात, लांबी, वजन, आणि वाकडा असला तर वेगळी नोंद. चांगल्या पाण्यातसुद्धा थोडे मासे वाकडे निघतातच, त्यामुळे वरच्या बाजूला, कराडकडं, दुसरं ठिकाण धरून तुलना करावी लागते. आणि मासळी बाजारात जाऊन मोजू नका, तिथं वाकडा मासा पोचतच नाही, तो आधीच बाजूला पडलेला असतो किंवा कालवणात गेलेला असतो.

दुसरी चूक बाटलीची. मोठा मासा अरुंद बरणीत कोंबून १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवला तर तो तसाच आकसून कडक होतो, आणि दोन महिन्यांनी तुम्हालाच कळत नाही की कणा नदीत वाकला की बरणीत. माझे दोन मासे असे गेले. जनावरांच्या डॉक्टरांकडं एक्स-रे काढून घेतला तेव्हा मणके एकेक सुटे आणि नीट आकाराचे दिसले, खऱ्या विकृतीत ते पाचरीसारखे दबलेले किंवा एकमेकांना जुळलेले दिसतात. तर पसरट ट्रे घ्या, मासा सरळ ठेवा, उजव्या बाजूनं पोटाला छोटी चीर द्या म्हणजे आतून सडणार नाही, फोटो डाव्या बाजूचा, शेजारी पट्टी. ग्लोव्हज घाला, फॉर्मॅलिन कॅन्सरकारक आहे. छोट्या पिलांसाठी एक्स-रेपेक्षा अलिझारिन रेड हा रंग वापरून क्लिअरिंग-स्टेनिंग भारी, मांस पारदर्शक होतं आणि हाडं लाल दिसतात, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ मायक्रोस्कोपवरून उठलेच नाही.

आता कारणं. इथं सगळेजण घाई करतात. उन्हाळ्यात पाणी आटलेलं असताना मळीचं पाणी नदीत आलं की ऑक्सिजन संपतो आणि एका रात्रीत काठाला मेलेल्या माशांचा खच पडतो, ते वेगळं. त्यानं कणा वाकत नाही, कणा वाकायला बहुतेकदा अंड्यातलं किंवा पिलाचं वय लागतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या बेल्यूज लेकमध्ये १९७०च्या दशकात कोळशाच्या वीजकेंद्राच्या राखेतून सेलेनियम गेलं, मादी बाहेरून धडधाकट दिसायची पण सेलेनियम अंड्याच्या बलकात उतरायचं आणि पिलं वाकडी निघायची, तलावातल्या बहुतेक जाती संपल्या. म्हणजे आज बाटलीत भरलेलं पाणी आजचंच सांगतं, माशाची पाठ वाकली ती कितीतरी महिने आधी. म्हणून गाळ, लिव्हर आणि अंडाशय तपासा.

ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांचं वेगळंच आहे, ती अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम अडवतात, स्नायू इतके जोरात आखडतात की मणका मोडू शकतो. आपल्याकडं काठानं ऊस आणि तासगावकडं द्राक्षबागा, त्यामुळं संशय येणं साहजिक आहे, पण संशयावर थिसिसमध्ये वाक्य लिहू नका. कॅडमियम, शिसं, अंडी असताना पाण्याचं तापमान, परजीवी, क जीवनसत्त्वाची कमतरता, जाळ्याची किंवा पाणकावळ्याच्या चोचीची जुनी जखम, सगळ्यांनी मासा वाकडा होतो. बाहेरून पाहून कारण ओळखता येत नाही, अजिबात नाही.

करिअरचं थोडक्यात. बारावी सायन्सनंतर थेट फिशरीज करायचं तर रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, पुढं मास्टर्सला मुंबईत वर्सोव्याचं सीआयएफई, म्हणजे मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था. माझ्यासारखं बीएस्सी झूऑलॉजी करून शिवाजी विद्यापीठात एमएस्सी केलं तरी चालतं, फक्त स्टॅटिस्टिक्स आणि पाण्याची केमिस्ट्री स्वतः शिकावी लागते.

सुरुवात कधी करावी म्हणाल तर रोहू, कटला पावसाळ्यात अंडी घालतात, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरला बोटाएवढी पिलं मिळतात, ती सोडू नका. अशक्त वाकडी पिलं लवकर मरतात किंवा त्यांना मोठे मासे खाऊन टाकतात, फेब्रुवारीत गेलात तर त्यातली कितीतरी तुम्हाला दिसणारच नाहीत. आणि मामांना जाताना चहा पाजा, नोंदवहीत त्यांना स्वतः आकडा सांगू द्या, एकूण किती आणि वाकडे किती.