श्रमविश्वावरील संशोधन लोकांपर्यंत नेण्यासाठी अनुदान मागताय? या चुका टाळा

ऊसतोडीच्या फडात शिरलेले हार्वेस्टर, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार आणि ‘ट्रेनी’, लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर पाठीला चौकोनी बॅग लावून फिरणारी डिलिव्हरीची मुले, या विषयांवर काम करणारे संशोधक विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. त्यांचा अभ्यास बहुधा चांगला असतो. मात्र त्या अभ्यासातून हाती आलेले कामगारांपर्यंत, ग्रामसभेपर्यंत किंवा तालुक्याच्या वर्तमानपत्रापर्यंत नेण्यासाठी पैसे मागण्याची वेळ आली की त्यांचा अर्ज फसतो. असे अर्ज मी स्वतः लिहिले आहेत, सहकाऱ्यांचे तपासले आहेत, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका आधी माझ्याच हातून झालेल्या आहेत.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे प्रसारासाठीच्या अनुदानात पुन्हा संशोधनच मागणे. अर्जात विचारलेले असते की तुम्ही काय सांगणार आणि कोणाला सांगणार. उत्तरात लिहिलेले असते की तीनशे कामगारांकडून प्रश्नावली भरून घेणार. परीक्षक पहिल्याच पानावर थांबतो. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे १९६९ मध्ये स्थापन झालेली आपली आयसीएसएसआर, संशोधन प्रकल्प, चर्चासत्र आणि प्रकाशन यांसाठी वेगवेगळ्या योजनांखाली अनुदान देते, आणि एका योजनेचा मजकूर दुसरीत चिकटवलेला तिथल्या माणसांना लगेच ओळखू येतो. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये सुरू केलेली ‘अवसर’ योजना ही संशोधकांच्या सुबोध लेखनाला पारितोषिक देणारी होती. पारितोषिकाची जाहिरात वाचून अनुदानाचे अंदाजपत्रक जोडणारेही मी पाहिले आहेत. अर्ज करण्यापूर्वी योजनेचे नाव बाजूला ठेवून एवढेच पाहावे की पैसे नेमके कशासाठी मिळतात : माहिती गोळा करण्यासाठी, ती छापण्यासाठी, की ती कोणापुढे तरी मांडण्यासाठी.

दुसरी चूक वेळापत्रकाची आहे, आणि तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मराठवाड्यात तिच्यामुळे अख्खा प्रकल्प वाया जाऊ शकतो. आमच्या गटाला एकदा ऊसतोड मजुरांबरोबरच्या कार्यशाळांसाठी छोटे अनुदान मिळाले होते. आर्थिक वर्ष संपण्याआधी खर्च व्हावा म्हणून आम्ही पाटोदा तालुक्यातील एका गावात जानेवारीची तारीख धरली. ग्रामपंचायतीच्या सभागृहात साठ खुर्च्या मांडल्या, प्रोजेक्टर लावला, दाराशी बॅनर बांधला. समोर आली ती अकरा म्हातारी माणसे आणि शाळा सुटल्यावर डोकावलेली पोरे. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी शांतपणे विचारले, ‘‘सर, माणसं तर समदी कारखान्यावर गेलीत. तुम्ही बोलणार कुणासंगं?’’ दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात, हे आमच्याच अहवालाच्या दुसऱ्या पानावर छापलेले होते.

यात केवळ हजेरीचा प्रश्न नाही. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) घेतली जाते ती पावसाळ्यापासून दसऱ्यापर्यंत, आणि एकदा उचल घेतली की त्या हंगामापुरते कोयत्याचे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचे, हात बांधले जातात. उचलीचा हिशेब, तोडणीचा दर किंवा हार्वेस्टरमुळे घटणारे काम यांविषयी जे सांगायचे आहे, ते उचल घेण्याआधी सांगितले तरच ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग असतो. त्यामुळे अर्जात मे ते जुलै हा काळ मागावा, आणि निधी देणाऱ्याचे वर्ष त्यात बसत नसेल तर तसे कारणासह लिहावे. हे कारण समजून घेऊन आम्हाला मुदत वाढवून मिळाल्याचा अनुभव आहे. हंगामातच जायचे असेल तर मजूर असतील तिथे, पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्याजवळच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, जावे लागेल आणि प्रवासखर्च त्याप्रमाणे धरावा लागेल. पहाटे अंधारात फडात जाणारा माणूस संध्याकाळी दोन तासांचे व्याख्यान ऐकेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

भाषेची चूक बारीक दिसते, पण अर्जाचा नमुना-मजकूर वाचताना परीक्षक नेमका तिथेच अडखळतो. ‘रोजगार संबंधांचे अनौपचारिकीकरण’ हा शब्दप्रयोग प्रबंधात शोभतो. वाळूजच्या गेटबाहेर शिफ्ट सुटल्यावर उभा असलेला मुलगा म्हणतो, ‘‘सात वर्षं ठेकेदाराकडं आहे, परमनंट काय केलं नाही.’’ अर्जासोबत पत्रकाचा किंवा ध्वनिफितीचा नमुना द्यायचा असेल तर तो याच भाषेत असावा, आणि ज्यांच्यासाठी लिहिला त्यांच्यापैकी चार जणांना आधी वाचून दाखवलेला असावा. जाता जाता एक तांत्रिक सूचना : श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर ऑनलाइन अर्जात चिकटवला की त्याची अगम्य अक्षरे होतात. मजकूर युनिकोडमध्येच तयार करावा, पीडीएफ करताना फाँट आत समाविष्ट करावा, आणि पाठवण्यापूर्वी ती फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहावी. डीटीपीवाल्याकडून फक्त छापील प्रत नव्हे, तर मूळ फाइलही मागून घ्यावी.

आकड्यांच्या बाबतीत दोन गफलती नेहमी होतात. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली देशात ७७ लाख गिग कामगार (डिलिव्हरीच्या मुलांसारखे, कायम नोकरीऐवजी कामागणिक पैसे मिळणारे) असल्याचा अंदाज आहे आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २.३५ कोटी होईल असे भाकीत आहे. अर्जांत मात्र ‘आज भारतात २.३५ कोटी गिग कामगार आहेत’ असे बिनदिक्कत लिहिलेले असते. दुसरी गफलत श्रमशक्ती सर्वेक्षणाची, म्हणजे २०१७ पासून चाललेल्या पीएलएफएसची. त्याच्या जुन्या फेऱ्यांमधील नमुना जिल्हानिहाय अंदाजासाठी आखलेला नव्हता, त्यामुळे त्यावरून ‘हिंगोलीतील बेरोजगारीचा दर’ काढून दाखवणे म्हणजे जाणकार परीक्षकाच्या हाती अर्ज नाकारण्याचे कारण देणे होय. कायद्याचेही तसेच आहे. गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या प्रथमच करणारी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली, पण चारही कामगार संहिता लागू झाल्या त्या २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. त्याआधी छापलेली पत्रके आता तपासल्याशिवाय वाटू नयेत, आणि नव्या अर्जात दुसऱ्या आवृत्तीच्या छपाईसाठी थोडी रक्कम राखून ठेवावी.

संमतीच्या रकान्यात बहुतेक जण ‘सर्वांची लेखी संमती घेतली जाईल’ एवढे एक वाक्य लिहून मोकळे होतात. संशोधनासाठी दिलेली संमती प्रसारासाठी चालत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. ज्या बाईने प्रश्नावलीला उत्तरे दिली, तिने आपला फोटो पोस्टरवर यावा असे म्हटलेले नसते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला, तेव्हा पुण्या-मुंबईचे आणि दिल्लीचेही कॅमेरे गावोगाव फिरले; अशा वेळी कॅमेरा निघून जातो आणि बाई गावातच राहते. नाव बदलले तरी गाव, टोळी आणि कारखाना सांगितला की मुकादमाला माणूस ओळखू येतो, आणि पुढच्या वर्षी उचल नाकारण्यासाठी त्याला तेवढे पुरते. अर्जात हा धोका नेमक्या शब्दांत मांडावा आणि कोणता तपशील गाळणार ते लिहावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा केवळ उल्लेख करून हे काम भागत नाही.

अंदाजपत्रकात पाहुण्यांचे मानधन, शाल-श्रीफळ, बॅनर आणि स्मरणिका असते. ऐकणाऱ्यासाठी काहीच नसते. रोजंदारीवरच्या माणसाला अर्धा दिवस बसवायचे तर त्याचा बुडालेला रोज भरून द्यावा लागतो, बाईबरोबर आलेल्या लेकराकडे बघायला कोणी तरी लागते, आणि वाडी-तांड्यावरून येण्यासाठी जीप लागते. हे खर्च लाजत लाजत ‘इतर’ या शीर्षाखाली दडवू नयेत, स्पष्ट लिहावेत. तसेच ‘दहा हजार लोकांपर्यंत पोहोचू’ असे वचन देऊ नये, कारण व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेला संदेश कोणी वाचला हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी सहा बैठका, प्रत्येकीत पंचवीस माणसे आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची नोंदवही, एवढे म्हटले तरी ते पुष्कळ आहे आणि वर्षअखेरीस दाखवताही येते.

निधी परदेशी प्रतिष्ठानाचा असेल तर परकीय योगदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, आधी पाहावा. नोंदणीकृत वृत्तपत्राचे संपादक, वार्ताहर आणि स्तंभलेखक यांना तसेच सरकारी कर्मचाऱ्यांना परकीय योगदान स्वीकारता येत नाही, आणि प्रसाराच्या प्रकल्पात स्थानिक पत्रकाराला सहभागी करून घेण्याचा मोह तर हमखास होतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला वळती करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे. पुण्या-मुंबईतील मोठी संस्था पैसे घेईल आणि बीडची छोटी संस्था ते खर्च करेल, हा जुना मार्ग त्यामुळे बंद झाला आहे.

मंजुरीनंतर अडचण येते ती उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे अनुदान ठरल्या कामासाठीच खर्च झाल्याच्या दाखल्यावर. आमच्या एका प्रकल्पात छपाईचे पैसे उरले आणि प्रवासाचे संपले, तेव्हा आम्ही तोंडी विचारून रक्कम इकडची तिकडे केली. हिशेब तपासताना तोंडी परवानगीला काही किंमत नव्हती आणि शेवटचा हप्ता अनेक महिने अडकला. एका शीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवायची तर खर्च करण्याआधी लेखी मंजुरी घ्यावी, मग ती साध्या ईमेलने आलेली का असेना. गावातला जीपवाला जीएसटीचे बिल देत नाही. त्याच्याकडून तारीख, अंतर, गाडीचा क्रमांक आणि सही असलेली पावती घ्यावी आणि रक्कम ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर तिच्यावर एक रुपयाचे महसूल तिकीट लावावे. केंद्र सरकारच्या अनुदानावर बँकेत जमा झालेले व्याज आपले नसते, तेही परत करावे लागते. पहिला हप्ता उशिरा आला तर त्याच आठवड्यात कळवून नव्या तारखा मागाव्यात, आणि त्या मागताना भिंतीवरच्या कॅलेंडरबरोबर टोळ्या परतण्याची वेळही पाहावी.